मानेचा एमआरआय आणि साठ वर्षांपूर्वीची डाळ

नागपुरात न्यूरॉलॉजीची ओपीडी चालवायची म्हणजे अर्धा मध्य भारत समोर येऊन बसतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली तर आहेतच, पण शिवनी, बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव, दुर्ग, सगळीकडचे लोक रात्रीच्या गाडीनं निघतात आणि सकाळी प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन हजर. गेल्या हिवाळ्यातल्या एका सोमवारबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्या दिवशी तीन पेशंट असे आले की त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, वय वेगळं, आजार वेगळा, औषध वेगळं, पण खोलात गेलं की तिघंही एकाच रेणूपाशी येऊन थांबतात, ग्लुटामेट. आमचा विषयच तो आहे म्हणा, मेंदूतल्या पेशी एकमेकींना 'चल, हो पुढे' असं सांगतात ते बहुतेक वेळा ग्लुटामेट सोडूनच, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टचा कुठलाही दिवस तसा ग्लुटामेटचाच असतो, पण तो इतका उघड उघड समोर येऊन उभा राहत नाही. (पेशंटची ओळख कळू नये म्हणून वय, धंदा वगैरे थोडं इकडचं तिकडे केलंय.)

पहिले आले ते बाबाजी. ऐंशीला टेकलेले, अंगात मुलाचा असावा असा ढगळ स्वेटर, उजव्या हातात काठी, डावा हात मुलाच्या खांद्यावर. मी पेशंटला दारापासून खुर्चीपर्यंत चालताना बघते, कधीकधी अर्धं निदान तिथेच होतं. बाबाजी चवड्यांवर चालत होते, टाचा टेकतच नव्हत्या, गुडघे एकमेकांना घासत, प्रत्येक पाऊल टाकताना एक पाय दुसऱ्याच्या पुढ्यात येत होता. आणि वर बघावं तर खांदे, दंड, हात एकदम दणकट, सायकलचं पंक्चरचं दुकान चालवलेल्या माणसाचे.

मुलगा ऑटो चालवतो. त्यानं फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, करू का नोको, तेवढं सांगून द्या फक्त." झालं असं होतं की बाबाजी बाथरूममध्ये घसरले, मान दुखायला लागली, एका ठिकाणी मानेचा एमआरआय झाला, त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती सरकून मज्जारज्जूला टेकलेली दिसली, आणि पाय आधीच कडक आहेत, चाल अशी आहे, म्हणजे मज्जारज्जू दबलाय, ऑपरेशन करा असं ठरलं. खर्चाचा कागद फाईलमध्ये होताच. तो आकडा बघून ऑटो विकावा लागेल का हे तो मुलगा मनातल्या मनात मोजत होता हे दिसत होतं.

आता एक सांगते, हा सल्ला कागदावर पाहिला तर अजिबात वेडगळ नव्हता. कडक पाय, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तळव्यावर किल्ली ओढली की अंगठा वर जातो, आणि एमआरआयमध्ये मानेत दाब. कुठल्याही परीक्षेत हा प्रश्न आला तर पोरं हेच उत्तर लिहितील आणि मार्क मिळतील. पण सत्तरी-ऐंशीतल्या माणसाच्या मानेचा एमआरआय काढला आणि काहीच निघालं नाही असं क्वचितच होतं, केस पिकावेत तसं ते आहे. म्हणून फिल्म बाजूला ठेवली आणि बाबाजींना टेबलावर घेतलं.

हाताची पकड मस्त. शर्टाची बटणं लावा म्हटलं तर माझ्या रेसिडेंटपेक्षा, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरपेक्षा, भराभर लावली. टाचणी टोचून बघितली, कंपन बघितलं, पायाच्या अंगठ्याला हात लावून 'वर की खाली' विचारलं, सगळं शंभर टक्के बरोबर. लघवीचा काही त्रास नाही. कमरेखाली फक्त ताठरपणा, तोही दोन्ही बाजूंना सारखा, बाकी काही म्हणता काही नाही. मानेत मज्जारज्जू इतका दबला असता की पाय असे झाले, तर हात इतके चांगले राहतात आणि संवेदना इतकी स्वच्छ राहते हे मला पटेना.

"किती दिवसांपासून चालणं असं आहे?" मी विचारलं.

मुलगा म्हणाला, "मी तर जन्मल्यापासून असंच पाहून रायलो."

बाबाजी हसले. दात नाहीत पण हसू एकदम मोकळं. म्हणाले, "जवान होतो जी मॅडम. लग्न नवतं झालं. इंदिराजी नव्या नव्या आल्या होत्या तवाची गोष्ट."

म्हणजे १९६६-६७, दुष्काळाची वर्षं. हे मूळचे मध्य प्रदेशातल्या रीवाकडचे, नंतर नागपुरात वीटभट्टीवर आले आणि इथलेच झाले. मी हातोडी खाली ठेवली आणि स्टुल ओढून त्यांच्याजवळ बसले, कारण रीवा, जवान पोरगा, दुष्काळ आणि साठ वर्षं जसेच्या तसे राहिलेले कडक पाय, हे चार शब्द एकत्र आले की न्यूरॉलॉजीच्या माणसाला पुढचा प्रश्न शिकवावा लागत नाही.

"बाबाजी, तेव्हा खायला काय होतं?"

"खेसारी. अजून काय भेटणार? मालिकाकडे नांगर धराचो, मजुरीच खेसारीची भेटे. गेहू झालाच नाही त्या साली. सकाळी खेसारीची रोटी, संध्याकाळी खेसारीची दाल, अना पाल्याची भाजी तेबी खेसारीचीच." मग जरा थांबून, "एक दिवस रात्रभर वावरात पाण्यात भिजलो, सकाळी उठलो तं पिंडऱ्या आखडलेल्या, पाय उचलेच ना. आमच्या गावचे दहा-बारा पोट्टे असेच झाले. सगळे नांगरवाले. मालिकाच्या घरचं कोणी नाही झालं."

ते शेवटचं वाक्य त्यांनी काही तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, नुसतं सांगितलं, पण या आजाराचं अख्खं साथशास्त्र त्या एका वाक्यात आहे.

खेसारी म्हणजे आपल्याकडची लाखोळी. माझं आजोळ भंडाऱ्याकडचं, धान कापायच्या आधीच बांधीत लाखोळी फेकायची, ना पाणी द्यायचं ना खत, तरी येते. दुष्काळात येते, पाणी साचलं तरी येते, हाच तिचा गुण आणि हाच घात. लाखोळीच्या डाळीचे वडे मी लहानपणी खाल्लेत आणि माझे पाय ठणठणीत आहेत, कारण भात, भाजी, ताक, बाकी सगळं खाऊन वर कधीतरी दोन वडे ही वेगळी गोष्ट आणि दोन-तीन महिने पोटात दुसरं काहीच नाही ही वेगळी. १९६१ साली केंद्रानं तिच्या विक्रीवर बंदी घातली, महाराष्ट्रानं २००८ मध्ये ती उठवली, त्यावर आमच्या विदर्भात वर्षानुवर्षं भांडणं झाली, शेतकऱ्याच्या बाजूनं आणि विरुद्ध, आणि मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. विष डाळीत आहे हे खरंच, पण माणसाला लुळं केलं ते फक्त डाळीनं नाही, दुसरं काही न मिळण्यानं केलं.

आजाराचं नाव न्यूरोलॅथिरिझम. जुना आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा तो इंग्रज अधिकारी स्लीमन, त्यानं १८४४ साली छापलेल्या लिखाणात मध्य प्रदेशातल्या सागर भागातल्या अशाच साथीबद्दल लिहून ठेवलंय, गहू बुडाला, खेसारी तरली, लोकांनी तीच खाल्ली आणि धडधाकट तरुण कमरेखाली अधू झाले. दुसऱ्या महायुद्धात आजच्या युक्रेनमधल्या वाप्नियार्का नावाच्या छावणीत ज्यू कैद्यांना हेच दाणे शिजवून खायला घातले, जनावरांचा चारा म्हणून आलेले, आणि शेकडो लोक असे झाले. तिथे कैदी म्हणूनच असलेल्या आर्थर केसलर नावाच्या डॉक्टरनं ते ओळखलं. त्यातले काही लोक पुढे इस्रायलला गेले, तिथल्या डॉक्टरांनी त्यांना कित्येक वर्षांनी परत तपासलं, तर बहुतेकांचे पाय होते तसेच, ना फार बरे ना फार वाईट. बाबाजींसारखेच. मानेतला दाब असं साठ वर्षं गप्प बसत नाही, तो वाढत जातो, हात धरतो, लघवी धरतो.

माझ्याबरोबर जी रेसिडेंट होती ती कोल्हापूरची, तिनं लॅथिरिझम फक्त पुस्तकात वाचलेला. ती म्हणाली, "मॅडम, ओडॅप ना?" हो, ओडॅप. १९६४ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीत राव, अडिगा आणि सर्मा या तिघांनी लाखोळीच्या दाण्यातून तो पदार्थ वेगळा काढला. पूर्ण नाव लिहायला बसले तर अर्धी ओळ जाईल. महत्त्वाचं एवढंच की त्याचा आकार ग्लुटामेटशी इतका मिळताजुळता आहे की पेशीवर ग्लुटामेटसाठी असलेला रिसेप्टर, म्हणजे तो येऊन बसला की उघडणारं दार, फसतो.

आता थोडं रिसेप्टरबद्दल सांगावंच लागेल. ग्लुटामेटचे जे रिसेप्टर पेशीत थेट आयन आत सोडतात ते मुख्यतः तीन जातीचे, एएमपीए, एनएमडीए आणि कायनेट. (चौथी एक जमात आहे, मेटाबोट्रॉपिक, आठ प्रकारांची, ती जरा निवांत काम करते, तिला आज सोडून देऊ.) एएमपीए हा सगळ्यात घाईचा. ग्लुटामेट येऊन बसला की उघडतो, सोडियम आत, काही मिलिसेकंदात बंद, आणि शेजारच्या पेशी सांडलेला ग्लुटामेट लगेच उचलून घेतात. पाहुण्यानं बेल वाजवली आणि बाजूला झाला असं. ओडॅप म्हणजे बेलवर बोट ठेवून उभा राहिलेला माणूस. तो उचलला जात नाही, बेल वाजतच राहते, पेशीत सोडियम, कॅल्शियम शिरत राहतं, आणि शेवटी पेशी त्या उत्तेजनेनंच मरते. १९६९ मध्ये जॉन ओल्नी या माणसानं हा प्रकार उंदराच्या पिल्लांवर दाखवला, त्यांना मोनोसोडियम ग्लुटामेटची, म्हणजे अजिनोमोटोची, इंजेक्शनं देऊन. अजिनोमोटोची जी भीती आपल्या डोक्यात बसलीये तिला त्या प्रयोगानंही बराच हात लावला, पण ते डोस आणि टोचण्याची पद्धत बघितली तर चायनीजच्या गाडीवरच्या मंचुरियनशी त्याचा संबंध लावणं जरा जास्तच होतं, आपल्या आतड्यातच बहुतेक ग्लुटामेट खपून जातो.

ओडॅप एवढंच करत नाही. मोटर कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा हालचाल चालवणारा भाग, आणि कमरेच्या मज्जारज्जूतल्या पेशींचं वीजघर, म्हणजे मायटोकाँड्रिया, त्यांनाही तो कमजोर करतो, हे विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटानं उंदरांमध्ये दाखवलंय. आणि लाखोळीत गंधक असलेली अमिनो आम्लं मुळात कमी, तीच शरीराला अशा माऱ्यातून वाचायला लागतात. म्हणून भाताबरोबर, गव्हाबरोबर, ज्वारीबरोबर खाल्ली तर माणूस बराच वाचतो. मालिकाच्या घरचं कोणी का नाही झालं याचं उत्तर हेच, त्यांच्या घरातही लाखोळी असेलच की, पण ताटात बाकी सगळंही होतं.

बरं, निर्णय. ज्यांनी ऑपरेशन सांगितलं होतं त्या सर्जनना मी तिथूनच फोन केला. भला माणूस, पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साठ वर्षांपासून? मला पडल्यापासून म्हणून सांगितलं होतं हो." मुलानं पडण्याबद्दल सांगितलं, चाल त्याला जन्मापासून माहीत म्हणून ती वेगळी सांगायची असते हेच त्याच्या डोक्यात नाही, आणि बाबाजींना कोणी विचारलंच नाही. मानेचं तूर्त काही करायचं नाही, कॉलर काही दिवस, सहा महिन्यांनी परत तपासणी, आणि मधे कधीही बटणं लावायला त्रास झाला, हातातून वस्तू पडायला लागल्या किंवा लघवीला घाई-अडकणं सुरू झालं तर त्याच दिवशी यायचं, असं आमचं दोघांचं ठरलं.

पायांसाठी बॅक्लोफेन, पाच मिलिग्रॅम रात्री, बस. आता हे औषध ग्लुटामेटच्या रिसेप्टरवर बसत नाही, ते गाबाच्या, म्हणजे पेशींना शांत करणाऱ्या रेणूच्या, एका रिसेप्टरवर बसतं आणि मज्जारज्जूत ग्लुटामेट सुटणंच कमी करतं. रेसिडेंट डोस वाढवत न्यायचं म्हणत होती, तिला थांबवलं. बाबाजी साठ वर्षं त्या कडकपणावरच उभे आहेत. सगळा ताठरपणा काढून टाकला तर पाय लुळे पडतील आणि आज काठीनं चालणारा माणूस उद्या खाली बसेल. रात्री पिंडऱ्या आखडतात तेवढं थांबलं तरी खूप.

मुलाचा चेहरा बघायला हवा होता. ऑपरेशन नाही हे कळल्यावर त्याला आनंद झाला पण लगेच शंकाही आली, दोन मिनिटांनी म्हणाला, "म्हंजे बाबाले बीमारी नाहीच का?" मी म्हटलं आहे, पण ती तुझ्या जन्माआधीच पूर्ण होऊन गेलीये.

ते गेल्यावर दोन डोकेदुख्या, एक मुंग्या येणं, आणि मग वर्ध्याची एक मुलगी, कॉलेजात शिकते, लहानपणापासून फिट येतात. तीन औषधं करून झाली होती, शेवटी मी पेरॅम्पॅनेल सुरू केलेलं. आई आधी आत आली, मुलीला बाहेर बसवून, आणि हळूच म्हणाली, "मॅडम, फिट थांबल्या, पण पोरगी घर डोक्यावर घेते. काल भावाच्या अंगावर ताट फेकलं. अशी नव्हती हो ती."

पेरॅम्पॅनेल काय करतं, तर एएमपीए रिसेप्टर अडवतं. तोच, बाबाजींच्या मोटर पेशी ज्यानं मारल्या तो. फिट म्हणजे पेशींचा अख्खा जमाव एका तालात पेटतो, ते पेटणं एका पेशीकडून दुसरीकडे जातं ते एएमपीएच्या रस्त्यानंच, तो रस्ता थोडा अरुंद केला की फिट पसरत नाही. ऐकायला सोपं आहे, पण या कल्पनेवरच्या औषधांनी कंपन्यांना वर्षानुवर्षं रडवलंय. सुरुवातीचे रेणू ग्लुटामेटच्याच जागेवर बसून त्याच्याशी धक्काबुक्की करायचे, नेमका फिटच्या वेळी ग्लुटामेट इतका सांडतो की औषध ढकललं जायचं, शिवाय काही रेणू पाण्यात विरघळेनात. पेरॅम्पॅनेल, जपानमधल्या एसाई कंपनीच्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेतलं, हे रिसेप्टरवर दुसऱ्याच जागी बसतं, त्यामुळे ग्लुटामेट कितीही आला तरी ते हलत नाही. २०१२ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालं, आता आपल्याकडेही मिळतं. शरीरातून निम्मं जायलाच चार-पाच दिवस लागतात, म्हणून दिवसातून एकदा, झोपताना.

पण एएमपीए काही फक्त फिट पसरवायला नाहीये, सगळा विचार, चालणं, राग आवरणं त्याच्यावरच चालतं. चक्कर येणं आणि चिडचिड, कधीकधी मारामारीपर्यंत जाणारी, ही त्याची ओळखीची साइड इफेक्ट आहे, अमेरिकेत तर औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा असतो. मी हे सुरू करताना सांगितलं होतं, आईनं ऐकलंही होतं, पण ताट प्रत्यक्ष उडेपर्यंत ते खरं वाटत नाही. आठवरून सहा मिलिग्रॅमवर आणलं. मुलीला आत बोलावून तिच्याशीच बोलले, तिला वाटत होतं ती वाईट मुलगी झालीये. तिला सांगितलं, गोळीचा भाग किती आणि तुझा किती ते दोन-तीन आठवड्यांत कळेल, तोपर्यंत भावाला स्टीलच्या ताटांपासून लांब ठेव. हसली.

ती गेल्यावर रेसिडेंटनं जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "मॅडम, बाबाजींना लाखोळीनं एएमपीए उघडे ठेवले, ही गोळी ते बंद करते. मग ही त्यांना का नाही?" मी म्हटलं साठ वर्षांपूर्वी, पहिल्या आठवड्यात, रीवाच्या त्या वावरात कोणी ही गोळी घेऊन गेलं असतं तर कदाचित. ज्या पेशी उरल्याच नाहीत त्यांच्यावर काय अडवणार? आणि खरं औषध तेव्हाही मूठभर गहू हेच होतं.

दुपारी डबा खाताना मग मी तिला उगाच पिडत बसले, मला हा विषय निघाला की थांबता येत नाही. या रिसेप्टर्सची ओळख माणसाला झाली ती निम्मीअधिक विषांतून. कायनिक आम्ल आलं जपानी समुद्रशेवाळातून, ते जंतांचं औषध. आपल्या सोसायटीच्या गेटवर असते ती मधुमालती, लाल-पांढऱ्या झुपक्यांची, तिच्या जातीच्या बियांतून क्विस्क्वालिक आम्ल, तेही जंतांवरच वापरायचे, आणि आज ज्याला एएमपीए रिसेप्टर म्हणतो त्याला आधी क्विस्क्वालेट रिसेप्टरच म्हणायचे. १९८७ मध्ये कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिंपले खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले, काही गेले, काहींची नवी आठवण बनणंच बंद झालं, त्या शिंपल्यांत डोमोइक आम्ल होतं, कायनिकचा भाऊ. तिनं डबा बंद केला आणि म्हणाली मॅडम मी शिंपले खात नाही. कोल्हापूरची पोरगी, तिला काय कौतुक.

संध्याकाळी आयसीयूतून फोन. तिथला मुलगा, चोविशीतला, ताप येऊन फिट सुरू झालेल्या, त्या थांबायलाच तयार नाहीत. लोराझेपाम झालं, लेव्हेटिरासेटाम झालं, व्हॅल्प्रोएट झालं, व्हेंटिलेटरवर टाकून मिडाझोलामचं इन्फ्यूजन, म्हणजे शिरेतून सतत, डोस वाढवत वाढवत, बाहेरून शरीर शांत पण ईईजीवर, मेंदूच्या लहरींच्या आलेखावर, बघितलं तर फिट चालूच. आणि बीपी खाली चाललेलं, म्हणून ते वर धरायला नॉरॲड्रेनालिन.

इथे ग्लुटामेटची गंमत वेगळी आहे, गंमत म्हणू नये खरंतर. मिडाझोलाम गाबाच्या रिसेप्टरवर काम करतं, मेंदूचा ब्रेक तो. पण फिट लांबत गेली की पेशी ते गाबाचे रिसेप्टर सायनॅप्सच्या, म्हणजे दोन पेशींमधल्या सांध्याच्या, पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि उलट एनएमडीए रिसेप्टर बाहेर आणून मांडते. म्हणजे जितका उशीर तितका ब्रेक कमी आणि ॲक्सिलरेटर जास्त, मग मिडाझोलाम कितीही ओता, बसायला जागाच नाही. अशा वेळी एनएमडीएच अडवायचा, आणि त्यासाठी आपल्याकडे जे औषध आहे ते प्रत्येक तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरच्या कपाटात पडलेलं असतं, केटामाइन. १९६२ मध्ये बनलेलं, भूल द्यायला म्हणून. ते एनएमडीए अडवतं हे कळायला १९८३ उजाडलं, लंडनमध्ये डेव्हिड लॉजच्या गटानं दाखवलं. वर त्याचा फायदा असा की बाकीच्या भुलीच्या औषधांसारखं ते बीपी सहसा पाडत नाही.

भुलीचे सर आले, बोलस, म्हणजे एकदम पहिला डोस, दिला, इन्फ्यूजन लावलं. मी ईईजीसमोर खुर्ची टाकून बसले. घरच्यांना असं सांगायचं असतं की आता बघू, आणि आपणही खरंच तेच करत असतो. पहिल्या तासात काही नाही. नंतर ते टोकदार काटे विरळ व्हायला लागले, मध्ये सपाट तुकडे, मग जास्त सपाट. रात्री उशिरा काटे थांबले. लगेच सांगते, हे प्रत्येकाला लागू पडतं असं नाही, माझेच असे पेशंट आहेत ज्यांच्यात केटामाइननं काही केलं नाही.

पाठीचं पाणी आधीच पाठवलेलं होतं, त्यात एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडीचीही तपासणी. २००७ मध्ये डालमाऊ या न्यूरॉलॉजिस्टनी हा आजार ओळखून दिला, शरीर स्वतःच्याच एनएमडीए रिसेप्टरवर उठतं, तरुण मुली आधी बडबडायला लागतात, भास होतात, घरचे देवऋष्याकडे नेतात, मग फिट, मग बेशुद्ध, आणि कित्येकींच्या बीजकोशात एक गाठ निघते, ती काढली की मुलगी परत येते. या मुलाची तपासणी निगेटिव्ह आली. व्हायरसच असावा.

रेसिडेंटनं विचारलं, मग एनएमडीए अडवणारं औषध स्ट्रोकमध्ये का नाही देत, तिथेही ग्लुटामेटच सांडतो ना? सांडतो, भरपूर सांडतो. आणि त्यावर १९९० च्या दशकात एकामागून एक ट्रायल झाल्या, सेल्फोटेल, ॲप्टिगॅनेल, गॅव्हेस्टिनेल, उंदरात सगळी चालली, माणसात एकही नाही, सेल्फोटेलची तर थांबवावी लागली. माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत ग्लुटामेटचा लोंढा येऊन गेलेला असतो, आणि नंतर त्याच एनएमडीएची पेशी जगवायला गरज असते, तेव्हा तो अडवून आपण नुकसानच करतो. शिवाय औषध पुरेसं द्यायला गेलं की पेशंट भ्रमात. एनएमडीए कधी उघडतो ते बघा, ग्लुटामेट तर हवाच, ग्लायसिनही हवं, आणि आत अडकून बसलेलं मॅग्नेशियम बाहेर पडायला पेशी आधीच जागी असायला हवी. एवढ्या अटी एकदम जुळल्या की तो कॅल्शियम आत सोडतो आणि तीच शिकण्याची, आठवण राहण्याची पहिली पायरी. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिसनं एनएमडीए अडवून उंदीर पाण्याच्या टाकीत सोडले, त्यांना बुडालेला ठोकळा कुठे आहे ते शिकताच येईना. अशा रिसेप्टरला सरसकट कुलूप लावायचं म्हणजे माणूस बंद करायचा. अल्झायमरमध्ये देतात ती मेमँटिन चालते कारण ती सैल बसते आणि चटकन उठते, रोजच्या कामाला आड येत नाही. पण म्हणूनच तिचा गुणही बेताचाच, नातेवाइकांना मी आधीच सांगते फार आस लावू नका. आणि ज्या केटामाइननं रात्री या मुलाचे काटे थांबवले त्याचाच भाऊबंद एस्केटामाइन २०१९ पासून अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी नाकात मारायला मिळतो.

तो मुलगा बऱ्याच दिवसांनी व्हेंटिलेटरवरून निघाला. आईला ओळखलं. मधले आठवडे पूर्ण कोरे आहेत आणि अजूनही सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, वही लिहितो, पण फिट नाहीत. वर्ध्याची मुलगी सहा मिलिग्रॅमवर बरी आहे, एक छोटी फिट आली मधे, तरी आई म्हणाली हेच चालेल.

आणि बाबाजींचा मुलगा महिन्याभरानं एकटाच आला, नंबर लावून, फी भरून. मला वाटलं मानेचं काही बिघडलं. तर खिशातून बेसनाची पुडी काढली. वस्तीच्या नाक्यावरच्या भजीवाल्याकडून मागून आणलेली. "मॅडम, यात खेसारी हाय का ते पाहून द्या. मी सवारी सोडली का रोज तिथंच खातो." मी सांगितलं डोळ्यांनी पिठात काही दिसत नाही, अख्खी डाळ असती तर दाणा कुऱ्हाडीच्या पात्यागत तिरपा असतो त्यावरून शंका तरी घेता आली असती, पीठ लॅबलाच द्यावं लागेल, आणि रोज एक प्लेट भजी खाऊन, घरी पोळी-भात व्यवस्थित खाणाऱ्याला हा आजार होत नाही. तो विचार करत बसला. मग म्हणाला, "पण त्यायच्या गावचा मालिक तं आताबी मजूर ठेवतो म्हणते जी. त्यायले काय देते मजुरी, ते इचारू का फोनवर?"

मी म्हटलं विचार. त्यानं तिथेच बसून चुलतभावाला फोन लावला. आता पैसे देतात म्हणे, रोजचे रोज.